लिहून घे, लिहून काढ, लिहून टाक

लोणी काळभोरला सोलापूर रस्त्यापासून थोडं आत, एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. सात वाजता खालची गिरणी बंद होते आणि मग वर एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. वर्गाला येणारे सगळे दिवसभर राबून आलेले असतात. इथल्या तेल कंपन्यांच्या डेपोतून टँकर भरून नेणारे दोघे-तिघे चालक, कॉलेजची चार पोरं, उरुळी कांचनकडच्या एका नर्सरीत कामाला जाणाऱ्या एक ताई, आणि नुकतीच एका खासगी कार्यालयात लागलेली एक मुलगी. बारावीला तिला इंग्रजीत चांगले गुण होते. गोष्ट तिचीच आहे.

नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात तिला वरिष्ठांचा मेल आला. एकच ओळ होती : ‘प्लीज लुक इनटू धिस अँड गेट बॅक टू मी.’ सोबत एक फाइल. लुक म्हणजे बघणं, इनटू म्हणजे आत, गेट म्हणजे मिळणं, बॅक म्हणजे मागे, परत. यातला एकही शब्द चौथीच्या पुढचा नाही. तिने फाइल उघडून आत बघितलं आणि जिना चढून साहेबांच्या केबिनमध्ये परत गेली. ‘इतक्यात झालंसुद्धा? काय निघालं मग?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा तिच्याकडे सांगायला काही नव्हतं. संध्याकाळी तिने फोन माझ्यापुढे धरला आणि खालच्या आवाजात म्हणाली, ‘सर, शब्द सगळे येत होते.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. शब्द सगळे येत होते आणि अर्थ येत नव्हता. मराठी माध्यमातून शिकलेल्या किती मुलांना मुलाखतीत, ऑफिसात, फोनवर हाच अनुभव येतो आणि दोष आपल्या डोक्याचा आहे असं समजून ती गप्प होतात. दोष डोक्याचा नाही. ‘लुक इनटू’ म्हणजे एखाद्या प्रकरणात लक्ष घालणं आणि ‘गेट बॅक टू’ म्हणजे चौकशी करून मागाहून कळवणं. ‘यात लक्ष घाला आणि काय ते मला कळवा’ एवढंच साहेबांचं म्हणणं होतं.

मी तिला विचारलं, ‘लक्ष घालणं हे एखाद्या परक्या माणसाला कसं समजावशील? त्याला लक्ष माहीत आहे. घालणंही माहीत आहे : शर्ट घालणं, चहात साखर घालणं, शपथ घालणं. मग लक्ष कशात घालायचं?’ ती पहिल्यांदा जरा हसली.

इंग्रजीत असं साधं क्रियापद आणि त्याला चिकटलेला अप, ऑफ, आउट, इन, ऑन, डाउन यांसारखा एखादा छोटा शब्द मिळून तिसराच अर्थ तयार होतो. त्याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. गिव्ह म्हणजे देणं, पण गिव्ह अप म्हणजे सोडून देणं. टर्न म्हणजे वळणं, पण टर्न डाउन म्हणजे नाकारणं. ही अडचण आपल्यालाच येते असं नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला. परक्यांना इंग्रजीत सर्वांत जड जाणारी गोष्ट हीच आहे, असं त्यांनी त्याच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आणि अशी क्रियापदं मुद्दाम काळजीने गोळा केली. नाव मात्र या क्रियापदांना बरंच उशिरा मिळालं. १९२५ साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरलं आणि ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं सांगितलं. म्हणजे घराघरांत बोलल्या जाणाऱ्या या शब्दांचं बारसं व्हायला जॉन्सन यांच्यानंतरही १७० वर्षं लागली.

१९८५ साली इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं. त्यांच्या लक्षात आलं की मुलं फ्रेझल व्हर्ब चुकीची वापरत नाहीत, वापरतच नाहीत. दुसरा एकच एक शब्द उपलब्ध असला की तोच उचलतात. हिब्रूत असा प्रकार नाही, म्हणून मन तिकडे वळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. माझ्या वर्गातही टाळाटाळ हीच चालते. मात्र मराठी माणसाला ती करायचं कारण नाही, कारण आपल्या भाषेत हा प्रकार नुसता आहे असं नाही, ठासून भरलेला आहे.

त्या संध्याकाळी मी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘लिहून’, आणि त्याच्यापुढे एकेक क्रियापद मांडत गेलो. लिहून घे. लिहून ठेव. लिहून दे. लिहून काढ. लिहून टाक. लिहून बघ. लिहून दाखव. लिहून बसलो. मग विचारलं, ‘यांत फरक काय?’

सगळे एकदम बोलायला लागले. ‘लिहून घे’ म्हणजे कुणीतरी सांगतंय आणि आपण आपल्यासाठी उतरवतोय. ‘लिहून ठेव’ म्हणजे आत्ता नाही, पुढे कधी लागेल. ‘लिहून दे’ म्हटलं की दुसरा माणूस आला, शिवाय जबाबदारीही आली. टँकरवाले काका म्हणाले, ‘लिहून दिलं म्हणजे सही केली, आता मागं फिरायचं नाही.’ ‘लिहून काढ’ यात मेहनत आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ‘लिहून टाक’ म्हणजे एकदाचं उरक आणि मोकळा हो. ‘लिहून बघ’ म्हणजे जमतंय का ते पाहा. ‘लिहून दाखव’मध्ये आव्हान आहे. आणि ‘लिहून बसलो’ म्हणताच पश्चात्ताप आला. नर्सरीवाल्या ताई पटकन म्हणाल्या, ‘ते तर आपण जामीन राहतो तेव्हा म्हणतो.’

आता यांत कुणी काही फेकून टाकत नाही, कुणी खाली बसत नाही, कुणी कशातून काही ओढून काढत नाही. तरीही टाकणं, बसणं, काढणं आपापली चव पहिल्या क्रियापदाला देऊन जातात. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. तीन वर्षांच्या पोराला विचारा. ‘दूध सांडून टाकलंस?’ असं आईने दरडावलं की ते म्हणतं, ‘मी नाही, ते सांडलं.’ सांडलं म्हणजे आपोआप घडलं, सांडून टाकलं म्हणजे कुणीतरी केलं. आरोप नेमका कुठल्या क्रियापदात आहे, हे त्या पोराला कळतं.

व्याकरणाच्या पुस्तकात याला संयुक्त क्रियापद म्हणतात. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या १९११च्या ग्रंथातही त्याचा विचार आहे. शाळेत मात्र आपण ‘मुले खेळू लागली’ एवढं एक उदाहरण पाठ करून गुण घेतो आणि पुढे जातो. परक्याला हाच भाग किती अवघड जात असेल याचा विचार करावा. १८३१ साली मोल्सवर्थ यांनी मराठी-इंग्रजी कोश काढला, आणि १८४७ साली थॉमस कँडी यांच्यासह त्याचा जोडीदार, इंग्रजी-मराठी कोश, आला. आपण आज ‘पुट ऑफ’ आणि ‘पुट अप’ यांच्यात अडकतो, तसे ते ‘करून टाकलं’ आणि ‘करून ठेवलं’ यांच्यात अडकले असणार. मेहनत त्यांचीही होती, आपलीही आहे.

संस्कृतचा विचार केला तर आणखी एक धागा हाती लागतो. ‘हृ’ म्हणजे नेणं, हरण करणं. त्याच्याआधी उपसर्ग बदलत जा : आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. मूळ एक आणि अर्थ पाच दिशांना गेलेले. इंग्रजीतले अप आणि ऑफ हे याच कुळातले समजायला हरकत नाही, फक्त ते क्रियापदाच्या मागून येतात आणि सुटे राहतात. वैदिक संस्कृतात तर उपसर्गही सुटा असे. उपसर्ग एकीकडे, क्रियापद दुसरीकडे आणि मध्ये वाक्यातले इतर शब्द, अशी रचना ऋग्वेदात जागोजाग आढळते. नंतर तो क्रियापदाला कायमचा चिकटला. इंग्रजीत तो अजून मोकळा आहे.

फरक एवढाच, की मराठी हे काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते आणि इंग्रजी दिशा दाखवणाऱ्या शब्दाकडून. म्हणून माझा सगळा भर दिशेवर असतो. पाचशे फ्रेझल व्हर्बची यादी घोकण्यापेक्षा सात-आठ दिशाशब्द ओळखीचे करून घ्यावेत आणि प्रत्येकाशेजारी आपलं मराठी क्रियापद बसवून बघावं.

‘अप’ घ्या. मूळ अर्थ वर. आता टँकर भरताना काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. तेल वर वर येत जातं आणि खुणेपाशी पोचलं की भरणं पूर्ण झालं. म्हणून वर जाणं आणि पूर्ण होणं यांची इंग्रजीत गाठ बसली आहे, असं मी सांगतो. फिल अप म्हणजे पूर्ण भरणं. ईट अप म्हणजे ताटातलं खाऊन टाकणं. टेअर अप म्हणजे कागदाचे तुकडे होईपर्यंत फाडून टाकणं. यूज अप म्हणजे वापरून संपवणं. ड्राय अप म्हणजे विहीर आटून जाणं. आपलं ‘टाकणं’ आणि ‘जाणं’ जे पूर्णत्व देतं, तेच इथे अप देतो. काकांनी लगेच विचारलं, ‘मग ईट म्हणजे खाल्लं आणि ईट अप म्हणजे ताट चाटून-पुसून?’ यापेक्षा चांगली व्याख्या मला कोशात सापडलेली नाही.

‘ऑफ’मध्ये सुटणं आहे, तुटणं आहे. बूट काढणं म्हणजे टेक ऑफ, कारण तो पायापासून सुटला. विमानाचं टेक ऑफही तेच, ते जमिनीपासून सुटलं. ‘मला लोणी स्टेशनला सोड’ याला ड्रॉप ऑफ, आणि पाहुण्यांना एसटीपर्यंत सोडायला जाणं म्हणजे सी ऑफ. दोन्हींमध्ये मराठीही ‘सोडणं’च वापरते, हे पोरांना दाखवलं की त्यांचे चेहरे उजळतात. पुट ऑफ म्हणजे काम आजच्या दिवसापासून दूर ढकलणं. कॉल ऑफ म्हणजे ठरलेली गोष्ट रद्द करणं.

सर्वांत गोंधळ घालतं ते ‘गो ऑफ’. द लाइट वेंट ऑफ म्हणजे लाइट गेली. द मिल्क वेंट ऑफ म्हणजे दूध नासलं. इथपर्यंत ठीक. पण द अलार्म वेंट ऑफ म्हणजे गजर बंद पडला असं दहापैकी नऊ जण सांगतात आणि खरा अर्थ अगदी उलटा, गजर वाजला. बॉम्ब गो ऑफ होतो म्हणजे फुटतो. हे कसं? गजराला चावी देऊन ठेवलेली असते, फटाक्यात दारू ठासलेली असते. दाबून धरलेलं जे असतं ते एका क्षणी सुटतं. दिवा आणि दूध यांची असलेली बरी अवस्था सुटते. सुटणं दोन्हीकडे आहे. एवढं ध्यानात आल्यावर माझ्या वर्गात गजराचा अर्थ पुन्हा कुणी चुकलं नाही.

‘आउट’ला आपलं ‘काढणं’ इतकं चपखल बसतं की जणू दोघं सख्खे भाऊ. फाइंड आउट म्हणजे शोधून काढणं. वर्क आउट म्हणजे हिशेब करून उत्तर काढणं. राइट आउट म्हणजे सगळं सविस्तर लिहून काढणं. आतलं बाहेर काढायला कष्ट पडतात, तो कष्टाचा भावही दोन्ही भाषांत आहे. मग आउटची दुसरी बाजू : आतलं सगळं बाहेर गेलं की मागे काही उरत नाही. म्हणून रन आउट म्हणजे पेट्रोल संपणं, पुट आउट म्हणजे आग विझवणं, डाय आउट म्हणजे नामशेष होणं. ‘ऑन’ला आपलं ‘राहणं’ चालतं. कॅरी ऑन म्हणजे करत राहा, कीप ऑन टॉकिंग म्हणजे बोलत राहा. ‘डाउन’ खाली नेतो, म्हणून ब्रेक डाउन. गाडी बंद पडते असं आपण म्हणतो, तेव्हा तिथे आपणही ‘पडणं’च आणतो. ‘ट्राय ऑन’ म्हणजे घालून बघणं आणि ‘ट्राय आउट’ म्हणजे वापरून बघणं. इथे मराठीने एका ‘बघणं’त दोन्ही सामावून घेतली आहेत.

सगळं काही या किल्लीने उघडत नाही, हे मी लपवत नाही. अर्ज भरायला फिल इन म्हणा नाहीतर फिल आउट म्हणा, अर्थ एकच. मेक अप म्हणजे भांडण मिटवणं, मनाने रचून सांगणं आणि चेहरा रंगवणंही. टेक इन म्हणजे आत घेणं, समजणं आणि फसवणं. अशी क्रियापदं वाक्यासकट पाठ केल्याशिवाय गत्यंतर नाही. मात्र घाबरायला होतं तितका हा आकडा मोठा नाही. गार्डनर आणि डेव्हिस या दोन अभ्यासकांनी २००७ साली दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश भाषासंग्रहात मोजदाद केली. तिथे आढळणाऱ्या फ्रेझल व्हर्बपैकी निम्म्याहून अधिक वापर अवघ्या २० क्रियापदांच्या आणि ८ दिशाशब्दांच्या जोड्यांमधूनच होतो, असं त्यांना दिसलं. २०१५ साली गार्निए आणि श्मिट यांनी सर्वाधिक वापरातल्या १५० फ्रेझल व्हर्बची, प्रत्येकीच्या मुख्य अर्थांसह, एक यादी तयार केली. एकेकीला सरासरी दोनच अर्थ त्यांनी घेतले. रोज एक घेतली तरी पाच महिन्यांत यादी संपते.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. आपली मुलं पुस्तकी इंग्रजीत चांगली तयार होतात. पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट, एक्स्टिंग्विश हे शब्द त्यांना येतात, पण पुट ऑफ, पुट अप विथ, लुक इनटू, पुट आउट ही त्यांचीच घरची रूपं कानावर पडली की ती गोंधळतात. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कोर्टात, कागदावर फ्रेंच आली. लॅटिन तर चर्चमध्ये आणि विद्वानांत आधीपासून होतीच. जड शब्द त्या वाटेने आले. शेतात, चुलीपाशी, बाजारात जुनं इंग्रजी तगून राहिलं आणि त्याच्याच पोटातून ही जोडक्रियापदं वाढली. आपल्याकडेही असे दोन मजले आहेत. ‘सभा स्थगित करण्यात आली’ आणि ‘मीटिंग पुढे ढकलली’. ‘सहन करणे’ आणि ‘चालवून घेणे’. पुट अप विथ म्हणजे नेमकं चालवून घेणं, आणि यासाठी मराठीत इतकं नेटकं जोडक्रियापद आहे याचा मला मनापासून आनंद होतो. एखाद्या परक्या माणसाने सरकारी परिपत्रकांवरून मराठी शिकावी, ‘उपरोक्त’ आणि ‘निदर्शनास आणून देणे’ त्याला यावं, पण ‘आटप लवकर’ म्हटलं की कळू नये, तशी आपल्या मुलांची इंग्रजीत अवस्था झाली आहे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. वर्षं वाढली, पण ही घरची भाषा अजून पाठ्यपुस्तकाच्या कडेलाच उभी आहे.

१९३० साली सी. के. ऑग्डन यांनी जगाला सोपं जावं म्हणून ८५० शब्दांचं ‘बेसिक इंग्लिश’ तयार केलं. त्यात क्रियापदं फक्त १८ ठेवली. एवढ्यात भागलं कसं? पुट, टेक, गेट, गिव्ह, गो यांच्यापुढे दिशाशब्द लावून. एंटर नको, गो इन म्हणा. इंग्रजांना हे सोपं वाटलं, कारण प्रत्येक जोडी त्यांच्या जिभेवर होती. शिकणाऱ्याला मात्र प्रत्येक जोडी हा नवा शब्द होता. शब्दसंख्या कमी करून भाषा सोपी होत नाही, हे ऑग्डन यांच्या प्रयोगाने मला शिकवलं.

रचनेचा एक नियम असा आहे जो न चुकता पाळावा लागतो. ‘पिक अप द बॉक्स’ चालतं, ‘पिक द बॉक्स अप’ही चालतं, पण खोक्याऐवजी ‘इट’ आलं की ते मध्येच बसलं पाहिजे. पिक इट अप. ‘पिक अप इट’ म्हणता येत नाही. उलट ‘लुक आफ्टर हिम’मधला आफ्टर हलत नाही. पहिल्यात अप क्रियापदाचा सोबती आहे, दुसऱ्यात आफ्टर पुढच्या नामाचा. मराठी जोडक्रियापदाचंही मधलं दार उघडतं, पण तिथून कर्म आत येत नाही, ‘च’, ‘तर’, ‘तरी’ असे शब्द येतात. करूनच टाक. खाऊन तरी बघ. लिहून तर दे. आणि मराठीची एक खोड इंग्रजीत नाही. ‘खाऊन टाकलं’ आपण सहज म्हणतो, पण नकार द्यायचा झाला की ‘खाऊन टाकलं नाही’ न म्हणता ‘खाल्लं नाही’ म्हणतो. जे घडलंच नाही त्याला पूर्णत्वाचा शिक्का कशाला, असं भाषेला वाटत असावं.

इंग्रजीतल्या या जोड्या गावात केव्हाच येऊन राहिल्या आहेत. भाजी बाजारात नेणारी गाडी म्हणजे पिकअप. वायरमन सांगतो, ‘शटडाउन घेतलाय, तासाभराने लाइट येईल.’ सरकारी कचेरीत फाइल ‘पुटअप’ होते, दवाखान्यात ‘चेकअप’ होतं, कामाचा ‘फॉलोअप’ घ्यायचा असतो, प्लॉटचा ‘लेआउट’ पास व्हायचा असतो. मराठीने यांना क्रियापद म्हणून घेतलं नाही, नाम करून घेतलं आणि पुढे आपलं करणं, घेणं, होणं लावलं. इंग्रजीतही हा फरक उच्चारात आहे : क्रियापद असताना जोर दुसऱ्या शब्दावर पडतो, नाम झालं की पहिल्यावर.

‘पासआउट’ या शब्दापाशी मात्र जरा थांबावं. इथे राजबागेत मोठं विद्यापीठ उभं आहे, त्यामुळे ‘मी अमुक सालचा पासआउट’ हे वाक्य चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतं. भारतात ते सर्वमान्य आहे. पण लंडन-न्यूयॉर्कच्या माणसाला पास आउट म्हणजे शुद्ध हरपणं. आपला अर्थ लष्करातल्या वापराशी जुळतो. प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं याला तिथे पास आउट म्हणतात, आणि पुण्यालाच खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दर सहा महिन्यांनी पासिंग आउट परेड होते. परदेशी कंपनीच्या मुलाखतीत ‘ग्रॅज्युएट’ म्हणा, एवढंच मी पोरांना बजावतो. तसंच ‘कोप अप विथ’चं. बरोबर रूप नुसतं कोप विथ. कीप अप विथ, पुट अप विथ, कॅच अप विथ यांच्या संगतीने बहुधा तो अप तिथे घुसला.

आणि एक शब्द शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेला आहे, तो म्हणजे राइट ऑफ. बँकेने अमुक कोटी राइट ऑफ केले असं छापून आलं की पारावर चर्चा होते, ‘मोठ्यांचं माफ झालं.’ माफी आणि राइट ऑफ या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ आणि २०१९ साली राज्य सरकारने जाहीर केली ती कर्जमाफी. तिथे पात्र शेतकऱ्याचं देणं सरकार भरतं आणि तो मोकळा होतो. राइट ऑफमध्ये बँक ते बुडीत कर्ज आपल्या ताळेबंदातून वेगळं काढते, ऑफ म्हणजे सुटं करते. कर्जदार मात्र सुटत नाही, वसुली चालू राहू शकते. दोन अक्षरांचा ऑफ नीट कळला नाही तर माणूस बँकेच्या दारात चुकीच्या समजुतीने जाऊन उभा राहतो.

बसचा धडा मी थांब्यावरच घेतो. बसमध्ये चढणं गेट ऑन, कारमध्ये बसणं गेट इन. जिथे आत गेल्यावर ताठ उभं राहून चालता येतं, किंवा जिच्यावर टांग टाकून बसायचं असतं, तिथे ऑन : बस, रेल्वे, मोटारसायकल. जिथे वाकून शिरायचं तिथे इन : कार, रिक्षा. उतरताना बसमधून गेट ऑफ, कारमधून गेट आउट. मराठीत सगळीकडून आपण नुसते उतरतो.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी खरोखर लक्ष घातलं. फाइलमधल्या नोंदी एकेक करून ताडून पाहिल्या. संध्याकाळी ती उत्तर लिहून घेऊन आली. ‘आय हॅव लुक्ड इनटू इट’ इथपर्यंत तिचं तिने लिहिलं होतं. पुढे अडली होती. ‘सर, दोन बिलं नोंदवायची राहून गेली होती. राहून गेली याला काय म्हणू?’ मी काही बोललो नाही. तिने फळ्याकडे बघितलं, आउटवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘लेफ्ट आउट?’ मी मान हलवली. तिने वाक्य पुरं करून मेल पाठवून दिला.

वही मिटता मिटता मात्र ती थांबली. ‘पण सर,’ ती म्हणाली, ‘राहून गेली. राहिली पण आणि गेली पण. दोन्ही एकदम कसं?’